जवळचं माणूस गेल्यावर थेरपिस्ट कसा शोधावा: पहिल्या फोनपासून शेवटच्या भेटीपर्यंत

जवळचं माणूस गेलेल्याला ‘कोणाशी तरी बोल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते ‘कोणीतरी’ शोधायचं कुठे, पहिल्या फोनवर बोलायचं काय आणि समोरची व्यक्ती योग्य आहे हे ओळखायचं कसं, हे सांगणारे फार थोडे. त्यात हा शोध नेमका अशा दिवसांत करावा लागतो, जेव्हा साधा एक फॉर्म भरायलाही अर्धा दिवस जातो, फोन वाजला की उचलवत नाही आणि वाचलेलं डोक्यात टिकत नाही. म्हणून इथे सगळं करायच्या क्रमाने लिहिलं आहे. एका दिवसात एकच गोष्ट झाली तरी चालेल. एखादी गोष्ट घरच्या कुणाला किंवा मित्राला करायला सांगितली तरी चालेल.

एक कसोटी मात्र सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचा सगळा शोध तिच्याभोवती आहे. शोकावर काम करणारा चांगला थेरपिस्ट तुमच्या लक्षणांइतकाच गेलेल्या माणसात रस घेतो. त्याचं नाव विचारतो, ते नाव लक्षात ठेवतो, तो माणूस कसा होता हे ऐकायला त्याच्याकडे वेळ असतो. पदव्या, पद्धती, अनुभव हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण ज्याला तुमच्या माणसाची ओळख करून घ्यायची नाही, त्याच्याकडे हे दुःख घेऊन जाण्यात फारसा अर्थ नाही.

सगळ्यात आधी: शोध नंतर, सुरक्षितता आधी

‘त्याच्याकडेच जावंसं वाटतं’, ‘सकाळी जागच आली नाही तर बरं होईल’ असे विचार शोकात बऱ्याच जणांच्या मनात येतात. ते लपवू नका, थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगा. पण विचार तिथे न थांबता कसं करायचं, कधी करायचं इथपर्यंत पोचत असतील, हाताशी साधन असेल, किंवा गेलेल्या माणसाचा आवाज तुम्हाला तसं करायला सांगतोय असं वाटत असेल, तर थेरपिस्ट शोधत बसू नका. आजच्या आज रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा तुमच्या भागातल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. कुणाला तरी सोबत थांबायला सांगा. ते साधन त्यांच्याकडे द्या. खाणंपिणं जवळजवळ बंद झालं असेल, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांशिवाय रात्र निघत नसेल, तरीही पहिली भेट डॉक्टरची. बाकी सगळं त्यानंतर.

गेलेल्या माणसाची चाहूल लागणं, गर्दीत तोच दिसल्याचा भास होणं, घरात त्याचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटणं, एवढ्यावरून वेड लागतंय असं समजू नका. शोकात हे अनेकांना होतं. जाणकार थेरपिस्ट हे ऐकून दचकत नाही.

मला थेरपीची गरज आहे का?

शोक हा आजार नाही. बहुतेक माणसं आपल्या माणसांच्या आधाराने, रडत-सावरत, स्वतःच्या गतीने त्यातून वाट काढतात, त्यांना थेरपी लागत नाही. संशोधनातही हेच दिसलं आहे: माणूस गमावलेल्या प्रत्येकाला सरसकट समुपदेशन दिलं तर फायदा अल्प दिसतो. ज्यांचा त्रास मुळात तीव्र आहे, जे अडकून पडले आहेत, त्यांना तो स्पष्ट दिसतो.

अडकणं म्हणजे काय, याला आता वैद्यकीय व्याख्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिच्यात ‘प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर’, म्हणजे दीर्घकाळ रेंगाळणारा शोक, या निदानाला स्वतंत्र जागा मिळाली. मृत्यूनंतर किमान सहा महिने उलटले तरी तीव्र ओढ किंवा त्या माणसाचा सतत विचार, सोबत खोल वेदना, आणि त्यामुळे रोजचं जगणं कोलमडलेलं, असं त्याचं स्वरूप. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या मार्च 2022 मधल्या निदानपुस्तिकेत प्रौढांसाठी हीच मुदत बारा महिने आहे, मुलांसाठी सहा. ‘माझाही एक भाग त्याच्याबरोबर गेला’ असं वाटत राहणं, मृत्यू झालाय यावर विश्वासच न बसणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं, भावना बधिर होणं, जगण्याला अर्थ न उरणं ही त्यातली काही लक्षणं. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, हिंसक नसलेल्या मृत्यूनंतर साधारण दहातल्या एका प्रौढाला असा शोक होतो. अपघात, खून, आत्महत्या अशा मृत्यूंनंतर हे प्रमाण वाढतं.

हे महिने निदानासाठी आहेत. मदत मागण्यासाठी तेवढं थांबण्याची अट कुणीही घातलेली नाही. तिसऱ्याच आठवड्यात तुम्हाला कोणाशी तरी नीट बोलायचं असेल तर जा. मृत्यू डोळ्यांसमोर घडला असेल, शेवटचं दृश्य वारंवार समोर येत असेल, किंवा ‘माझ्यामुळेच झालं’ हा विचार हटत नसेल, तर लवकर गेलेलंच बरं. आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या मृत्यूसाठी आज गेलात तरी ‘इतक्या उशिरा का?’ असं चांगला थेरपिस्ट विचारणार नाही.

फोन करण्याआधी एक कागद

ही पायरी बरेच जण गाळतात. माझ्या मते पुढची निम्मी दमछाक हीच वाचवते. एका कागदावर तुटक वाक्यांत लिहा: कोण गेलं, कसं, कधी, तुम्ही तिथे होता का, आत्ता सर्वांत जड काय जातंय, कोणती औषधं चालू आहेत, याआधीचे मृत्यू कोणते, आणि थेरपीतून काय व्हावंसं वाटतं. भाषा सुधारत बसू नका. असा कागद काहीसा असा दिसेल:

‘आई. अकरा महिने झाले. शेवटचे बारा दिवस आयसीयू. व्हेंटिलेटर काढायच्या कागदावर सही माझी, भाऊ तेव्हा परगावी. आता तो कमी बोलतो. रात्री तीनला जाग येते, मॉनिटरचा आवाज ऐकू येतो. तिचं कपाट उघडलेलं नाही. ऑफिसात ठीक असते, गाडीत बसलं की रडू. आमचं पटायचं नाही, हे कुणाला सांगता येत नाही. मला झोप हवी. आणि त्या सहीबद्दल एकदा पूर्ण बोलायचंय.’

या ओळींमधून काय शोधायचं ते आपोआप कळतं. इथे रुग्णालयातल्या प्रसंगाचा आघात आहे, सहीचा अपराधभाव आहे, आणि सोपं नसलेलं नातं आहे. म्हणजे या मुलीला नुसता प्रेमळ श्रोता पुरणार नाही. आघातावर काम करणारी आणि ‘असं कसं म्हणतेस, आई होती ती’ असं चुकूनही न म्हणणारी व्यक्ती तिला हवी. तुमच्या कागदावरही अशी एखादी ओळ असेल जी लिहिताना हात अडखळला. तीच ओळ पहिल्या फोनवर उपयोगी पडणार आहे.

कोण काय काम करतं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकायट्रिस्ट हे डॉक्टर असतात, औषधं लिहून देऊ शकतात. काही जण थेरपीही करतात, पण अनेकांच्या भेटी थोडक्यात आटोपतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तपासणी आणि मानसोपचाराचं सखोल प्रशिक्षण घेतलेले असतात, त्यांची दर भेट साधारण 45 ते 60 मिनिटांची. समुपदेशक म्हणजे काउन्सेलर आणि मानसिक आरोग्यात काम करणारे सोशल वर्कर यांचं प्रशिक्षण वेगवेगळ्या पातळीचं असतं. त्यांच्यातले काही शोकाच्या कामात अतिशय तयार असतात. आधारगट ही निराळी गोष्ट: तिथे तुमच्यासारखंच नुकसान सोसलेली माणसं भेटतात. ते उपचाराची जागा घेत नाहीत, पण ‘हे फक्त मलाच होतंय’ ही भावना तिथे जितकी लवकर ओसरते तितकी दुसरीकडे क्वचितच.

बऱ्याच देशांत ‘थेरपिस्ट’ किंवा ‘काउन्सेलर’ ही पाटी लावायला कायद्याने विशेष पात्रता लागत नाही. त्यामुळे मूळ पदवी कशातली, मानसोपचाराचं प्रत्यक्ष प्रशिक्षण कुठे घेतलं, नोंदणी असेल तर कोणाकडे, आणि सध्या त्यांच्या कामावर कुणा वरिष्ठांची देखरेख आहे का, हे विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण यात अपमानास्पद काहीच नाही. सांगायला कां-कूं करणाऱ्याचं नाव यादीतून काढा.

औषधांबद्दल बरेच गैरसमज आहेत. शोकावरच्या थेरपीसोबत सिटालोप्रॅम हे नैराश्याचं औषध देऊन पाहणारा एक मोठा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात औषधाने शोक कमी होण्यात भर पडली नाही. मात्र थेरपीच्या जोडीला ते दिल्यावर नैराश्याची लक्षणं अधिक उतरली. तेव्हा फक्त गोळी देऊन परत पाठवलं, तर ‘याबरोबर थेरपीसाठी कोणाकडे जाऊ?’ असं त्याच डॉक्टरना विचारा. आणि आधीपासून चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

नावं कुठून मिळवायची

तीन ते पाच नावं पुरे. वीस नावांची यादी केली की एकही फोन होत नाही.

पहिली जागा, जी फारशी कुणाला सुचत नाही: हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना कमी करणारी सेवा. ब्रिटिश डॉक्टर सिसली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं आणि आधुनिक हॉस्पिस चळवळ उभी राहिली. तिच्यात रुग्णाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला आधार देणं हा सेवेचाच भाग मानतात. तुमचं माणूस तिथे नसलं तरी तिथल्या समाजसेविकेला किंवा नर्सला ‘शोकावर काम करणारं कोण आहे?’ असं विचारता येतं. त्यांना गावातली खरी माहिती असते.

दुसरी जागा आधारगट. अपत्य गमावलेल्या पालकांसाठी 1969 मध्ये इंग्लंडमध्ये ‘द कम्पॅशनेट फ्रेंड्स’ ही संस्था सुरू झाली आणि पुढे अनेक देशांत पसरली. आत्महत्येने माणूस गमावलेल्यांचे, तरुणपणी जोडीदार गेलेल्यांचे, गर्भपात किंवा नवजात बाळाचा मृत्यू सोसलेल्यांचे असे वेगवेगळे गट असतात. तिथले लोक स्वतः शोधून दमलेले असतात, त्यामुळे कोणाकडे जावं आणि कोणाकडे नको, दोन्ही मोकळेपणाने सांगतात.

तुमचे नेहमीचे डॉक्टर, मृत्यू ज्या रुग्णालयात झाला तिथला समाजसेवा विभाग, मानसशास्त्रज्ञांच्या व्यावसायिक संघटनांच्या याद्या, नोकरीच्या ठिकाणी असलेली कर्मचारी साहाय्य योजना हे पुढचे मार्ग. पैशांची अडचण असेल तर विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागाशी जोडलेली केंद्रं पाहा. तिथे प्रशिक्षणार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, फी कमी असते, आणि मन लावून काम करणारा प्रशिक्षणार्थी थकलेल्या तज्ज्ञापेक्षा बरा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. काही थेरपिस्ट उत्पन्न पाहून फी ठरवतात. विचारल्याशिवाय ते कळत नाही.

ऑनलाइन याद्या वापरताना थोडं सावध राहा. तिथे विषयांच्या चौकोनांवर खुणा करायच्या असतात, आणि ‘ग्रीफ’ या चौकोनावर जवळजवळ प्रत्येकाची खूण असते. खूण सोडा, त्यांनी स्वतःबद्दल लिहिलेला मजकूर वाचा. चिंता, करिअर, नातेसंबंध, पालकत्व, शोक असं सगळं एका दमात लिहिलंय, की शोकाबद्दल दोन-चार वाक्यं त्यांनी स्वतः विचार करून लिहिली आहेत?

हे सगळं करायची ताकद नसेल तर ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्या माणसाला हेच काम द्या. मोघम नको, नेमकं सांगा: ‘शोकावर काम करणाऱ्या तीन थेरपिस्टची नावं, फोन, फी आणि सध्या नवीन लोकांना घेतात का, एवढं शुक्रवारपर्यंत काढून दे.’ मदत करू इच्छिणाऱ्यांना असं काम हवंच असतं.

पहिला फोन किंवा मेसेज

बोलवत नसेल तर मेसेज पाठवा. चार ओळी पुरतात:

‘नमस्कार. अकरा महिन्यांपूर्वी माझी आई आयसीयूत वारली. त्या काळातले काही निर्णय आणि शेवटचे दिवस मनातून जात नाहीत. अशा प्रकारच्या शोकावर आपण काम करता का? सध्या नवीन व्यक्तींना वेळ देत असाल तर आधी पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?’

अनेक थेरपिस्ट असं छोटं प्राथमिक बोलणं विनाशुल्क करतात. सगळे करत नाहीत, तेव्हा आधी विचारून घ्या. बोलताना कागद समोर ठेवा. सगळं सांगायची गरज नाही, रडू आलं तरी हरकत नाही. त्यांना ते नवीन नसतं.

विचारायचे प्रश्न मोजकेच असू द्या. पहिला: ‘माझ्यासारखं नुकसान झालेल्या किती लोकांबरोबर तुम्ही काम केलंय, आणि त्यासाठी वेगळं प्रशिक्षण घेतलंय का?’ ‘आम्ही सगळंच बघतो’ हे उत्तर अपुरं आहे. ‘रुग्णालयातल्या मृत्यूनंतर येणारे बरेच जण असतात, आत्महत्येनंतरच्या शोकावर माझं काम कमी आहे’ असं सांगणारी व्यक्ती विश्वास ठेवण्याजोगी, कारण तिला आपली मर्यादा माहीत आहे.

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: ‘शोकाकडे तुम्ही कसं पाहता, आणि आपण नेमकं काय करू?’ इथे कान देऊन ऐका. उत्तरात नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार या पाच टप्प्यांचा जिना आला आणि ‘तुम्ही आत्ता दुसऱ्या टप्प्यावर आहात’ असं निदान फोनवरच झालं, तर थांबा. ते टप्पे मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडले, आणि त्यामागे स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या मुलाखती होत्या. मागे राहिलेल्यांचा शोक त्या क्रमाने चालत नाही. क्रम चुकला म्हणून स्वतःलाच दोष देणारी कितीतरी माणसं त्या जिन्यावर उगाच उभी असतात.

गेल्या काही दशकांत समज बरीच पुढे गेली आहे. शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये मांडलेल्या विचारानुसार शोकातला माणूस दोन कामांमध्ये सतत ये-जा करतो: काही वेळ नुकसानाकडे, काही वेळ बदललेल्या आयुष्याच्या व्यवहाराकडे. सकाळी विम्याचे कागद शांतपणे भरणारी तीच व्यक्ती दुपारी जुना शर्ट हातात धरून कोसळते, आणि यात काहीच बिघडलेलं नाही. डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं की गेलेल्या माणसाशी नातं तोडल्याशिवाय सावरता येत नाही ही जुनी समजूत खरी नाही. नातं वेगळ्या रूपात चालू राहतं. थेरपिस्टने ही नावं घ्यायला हवीत असं नाही. पण ‘विसरून पुढे जायला मदत करतो’ आणि ‘त्यांची आठवण जवळ ठेवून जगता यावं यावर काम करतो’ या दोन उत्तरांमध्ये फरक कसा करायचा हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. दुसरं उत्तर देणारा निवडा.

मग फी, भेटी किती दिवसांनी, रद्द केल्यास काय, दोन भेटींच्या मध्ये संपर्क करता येतो का, हे विचारून घ्या. ऑनलाइन भेटणार असाल तर घरात दार लावून तासभर एकटं बसता येईल अशी जागा आहे का, याचा आधी विचार करा. त्याच घरात शोक करणारी इतर माणसं असतात आणि त्यांच्याबद्दलही बोलायचं असतं.

वेळ नाही असं उत्तर आलं तर ‘या कामासाठी तुम्ही दुसऱ्या कोणाचं नाव सुचवाल?’ असं लगेच विचारा. थेरपिस्टने थेरपिस्टबद्दल दिलेला सल्ला बहुधा चांगला निघतो. उत्तरच आलं नाही तर ते मनाला लावून घेऊ नका, पुढच्या नावाकडे जा.

काही नुकसानांसाठी वेगळी चौकशी

शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा शोकाबद्दल लिहिलं, ज्याला समाज शोक मानतच नाही. घटस्फोट झालेला जोडीदार, लपवलेलं नातं, समलिंगी जोडीदार, पोटातलं बाळ, पाळीव प्राणी. असं काही असेल तर फोनवरच स्पष्ट नाव घेऊन सांगा आणि समोरच्याच्या आवाजात काय होतं ते ऐका. क्षणभराचा अवघडलेपणा चालेल. ‘पण ते तर…’ असं सुरू होणारं वाक्य आलं, तर दुसरीकडे जा.

अभ्यासक पॉलिन बॉस यांनी संदिग्ध नुकसानावर काम केलं: माणूस बेपत्ता आहे, किंवा समोर आहे पण डिमेन्शियाने, म्हणजे स्मृतिभ्रंशाने, ओळखच हरवली आहे. इथे ‘आता स्वीकारा’ म्हणणारी थेरपी त्रास वाढवते, कारण काय स्वीकारायचं हेच ठरलेलं नसतं. अशा कुटुंबांबरोबर आधी काम केलंय का, हे जरूर विचारा.

आत्महत्येनंतर ‘का?’ हा प्रश्न, लाज, राग, लोकांच्या नजरा हे सगळं एकत्र येतं. इथे याच विषयाचा अनुभव असलेला थेरपिस्ट शोधण्यासाठी जास्तीचे दोन आठवडे गेले तरी चालतील. मृत्यूचं दृश्य सतत समोर येत असेल, झोपेत दचकून जाग येत असेल, तर आघातावरच्या उपचारांचं प्रशिक्षण विचारा. ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर काम करणारा उपचार, आणि आघातकेंद्रित वर्तनोपचार ही त्यातली नेहमीची नावं.

मुलांसाठी मुलांबरोबर काम करणारीच व्यक्ती हवी, जी खेळ, चित्रं, गोष्टी यांतून बोलतं करते आणि पालकांनाही भेटते. मुलं दहा मिनिटं रडून लगेच खेळायला पळतात म्हणून ‘त्याला काही कळत नाही’ असं म्हणणारा तज्ज्ञ टाळा.

पहिली भेट

त्या दिवशी नंतर कुठलं मोठं काम ठेवू नका. बोलून झाल्यावर अंग मोडल्यासारखा थकवा येतो. शक्य असेल तर परतताना कुणाला तरी सोबत बोलवा.

सुरुवातीला गोपनीयतेबद्दल सांगितलं जाईल: बोललेलं बाहेर जात नाही, पण तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मर्यादा येते. हे सांगितलं नाही तर विचारा. मग झोप, आहार, औषधं, आधीचे आजार, घरात कोण कोण आहे असे प्रश्न येतील. एखादी प्रश्नावलीही भरायला देतील. पहिली भेट बरीचशी माहितीतच जाते, त्यामुळे ‘काहीच झालं नाही’ असं वाटून निराश होऊ नका.

लक्ष द्यायचं ते लहान गोष्टींकडे. तुम्ही आईचा उल्लेख केलात. त्यांनी ‘त्यांचं नाव काय होतं?’ असं विचारलं का? तुम्ही रडायला लागलात. त्यांनी घाईघाईने पाण्याचा ग्लास आणि दिलासा पुढे केला, की थोडं थांबून रडू दिलं? तुम्ही म्हणालात, ‘मीच सही केली.’ यावर ‘तुमची काही चूक नाही’ हे वाक्य लगेच आलं, तर ते मायेने म्हटलेलं असलं तरी दार बंद करतं. ‘त्या वेळी तुम्हाला काय काय माहीत होतं, ते सांगाल का?’ असं विचारणारा पुढे ऐकायला तयार आहे. सहीच्या आधीची रात्र, डॉक्टरांचे शब्द, भावाला लावलेला आणि न लागलेला फोन, हे सगळं बाहेर यायला जागा मिळाली तर अपराधभाव तपासून पाहता येतो. नुसत्या दिलाशाने तो जागचा हलत नाही.

फोटो न्यायचा असेल तर न्या. नाव, फोटो, आवाजाची एखादी जुनी नोंद या गोष्टी या कामात परक्या नाहीत.

‘आता वर्ष होत आलं’, ‘मुलांकडे बघून सावरा’, ‘देवाची इच्छा’ अशी वाक्यं थेरपिस्टच्या तोंडून आली, स्वतःच्याच दुःखाची कहाणी लांबत गेली, किंवा मृतात्म्याशी संपर्क करून देण्याची भाषा निघाली, तर पुन्हा जायचं कारण नाही. हमखास बरं करण्याची हमी, आणि पहिल्याच दिवशी वीस भेटींचे आगाऊ पैसे मागणं, हेसुद्धा त्याच रांगेतलं.

तीन-चार भेटींनंतर ठरवा

थेरपीत नातं किती महत्त्वाचं यावर भरपूर संशोधन झालं आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये त्याचे तीन भाग सांगितले: ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर स्वतःला तेवढंच विचारा. आपण कशासाठी भेटतोय हे मला माहीत आहे का? आपण जे करतोय ते पटतंय का? या व्यक्तीसमोर ती अडखळलेली ओळ मी बोलू शकेन का?

सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो, कारण इतके दिवस टाळलेलं बाहेर येतं. मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन शियर यांनी रेंगाळलेल्या शोकासाठी तयार केलेली उपचारपद्धती साधारण 16 भेटींची आहे. तिच्यात मृत्यूची बातमी कळली त्या क्षणाची गोष्ट डोळे मिटून सांगायची असते, ती रेकॉर्ड करतात आणि घरी ऐकायला सांगतात. टाळलेल्या जागा हळूहळू गाठायच्या असतात. गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलायचंही असतं. त्याच्या बरोबरीने स्वतःच्या पुढच्या आयुष्यात काय हवं यावरही पहिल्यापासून काम होतं. हे जड आहे, पण थेरपिस्ट आधी सांगतो, गती तुमच्याशी बोलून ठरवतो आणि भेट संपण्यापूर्वी तुम्हाला स्थिर करून पाठवतो. न सांगता ढकलणं आणि रडवून दारात सोडणं ही वेगळी गोष्ट झाली. आणि काही आठवडे गेले तरी फक्त ‘हा आठवडा कसा गेला?’ एवढंच चाललं असेल, तर ‘आपण कुठे चाललोय?’ हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

जमत नसेल तर आधी तोंडावर सांगून बघा: ‘मागच्या वेळी तुम्ही विषय बदललात तेव्हा मला एकटं वाटलं.’ चांगला थेरपिस्ट यावर बचाव करत नाही, त्यावरच बोलतो, आणि बऱ्याचदा इथूनच खरं काम सुरू होतं. तरीही पटलं नाही तर दोन ओळींचा मेसेज पुरे: ‘आजवरच्या वेळेबद्दल आभार. मला दुसऱ्या प्रकारची मदत हवी आहे असं वाटतं, म्हणून पुढची भेट रद्द करते. या विषयावर काम करणारं कुणी सुचवलंत तर बरं होईल.’ कारणं देत बसायची गरज नाही. नव्या व्यक्तीकडे जाताना तोच कागद न्या, आणि पहिल्याकडे काय जमलं नाही तेही त्यावर लिहा.

थांबायचं कधी

दुःख संपणं ही थेरपी थांबवण्याची खूण धरू नका. कपाट उघडता येतं, आईबद्दल बोलताना आयसीयूच्या आधीची आईसुद्धा आठवते, रात्रीची झोप बहुधा लागते, भावाला फोन करावासा वाटतो, पुढच्या महिन्याचं काही ठरवावंसं वाटतं, असं दिसू लागलं की शेवटाबद्दल बोलायची वेळ झाली. एकदम बंद करू नका. ज्याने माणूस अचानक गमावलं आहे त्याला हाही निरोप जड जातो. दर आठवड्याच्या भेटी पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर न्यायला सांगा. शेवटच्या दोन-तीन भेटींत पुढच्या वर्षातल्या अवघड तारखा एकत्र लिहून काढा: वाढदिवस, मृत्यूचा दिवस, रुग्णालयात नेलं तो दिवस. प्रत्येक तारखेसमोर त्या दिवशी कोण सोबत असेल आणि काय करणार ते लिहा. मृत्यूच्या दिवसाच्या आसपासची एक भेट आताच ठरवून ठेवता येते, आणि नको वाटली तर ऐनवेळी रद्दही करता येते. मध्येच गरज पडली तर परत यायला किती दिवस आधी कळवावं लागेल, तेही जाण्यापूर्वी विचारून घ्या.